साखळीची लांबी

पावसाळ्यानंतर शारी नदी मागे सरते
आणि आमच्या गावाला डबकी ठेवून जाते.
डबक्यात मासे, माशांवर आम्ही,
आमच्या उष्ट्यावर कुत्री.

दिंगाम्योच्या कुत्र्याचं नाव 'ऐकलंत का शेजारी'.
आमच्यात कुत्र्यांना अशीच नावं ठेवतात,
हाक त्याला, टोला दुसऱ्याला.
नेलूम्ताचं आणि तिच्या जावेचं वाकडं,
म्हणून ती रोज संध्याकाळी कुंपणाशी उभी राहून
त्याला जरा जास्तच मोठ्यानं बोलवायची.

सोमवारी त्याच्या मागच्या पायावर फोड आला.
गावची नारूची वही माझ्याकडे असते.
मी नोंद केली, साखळी आणली, कुलूप आणलं,
आंब्याला बांधलं त्याला
आणि किल्ली माझ्या गळ्यात.

फोड फुटला. आत भिजल्या सुताचं टोक.
वर्षभर ती तिथेच होती.
ती म्हणते, कारण बाहेर येते ती मादी;
नर आतच मरतो, कुणाला पत्ता नसतो.
वर्षभर तिनं काही मागितलं नाही.
कुत्रा धावला, भुंकला, कुणाकुणाची कोंबडी पळवली,
आणि ती त्याच्या कातडीखाली गुपचूप हातभर झाली.
मग तिची वेळ भरली.
तिला पाणी हवं. तिला पाय नाहीत.
म्हणून तिनं त्याचा पाय पेटवला.

आता तो डबक्याकडे ओढतो.
पुढ्यात पाण्याचं भांडं भरलेलं.
पितो, आणि तरी ओढतो,
मान वाकडी होईस्तोवर.

मला ठाऊक आहे ते.
माझ्या डाव्या घोट्यावर वण आहे, नवव्या वर्षाचा.
सगळ्यांनी बजावलं होतं, पाण्यात उतरू नकोस.
मी उतरले.
गुडघाभर पाण्यात उभी राहिले, आणि वाटलं
कुणीतरी पायावर फुंकर घालतंय.
तेवढं सुख पुन्हा नाही मिळालं,
लग्न झालं तरी नाही.
पाण्यात दुधासारखा एक ढग सुटला, विरला.
पुढच्या साली अकरा घरांत पाय पेटले.
मी मोजली होती घरं.
कुणी मला बोललं नाही, तेही मोजलं.
त्या दुपारी सुखावलं कोण,
मी की ती,
अजून ठरत नाही.

सकाळी काडीला एक फेरा.
ओढायचं नाही, तुटली तर पाय सडतो.
मंगळवार, दोन बोटं.
बुधवार, काही नाही.
गुरुवार, साडेचार.
शुक्रवारी तो मला चावला. ते वहीत नाही.

दिंगाम्यो शाळेतून येतो तो थेट झाडाखाली.
'मावशी, किल्ली दे. पाण्यात नाही नेणार,
नुसतं दिसेल इतकं.'
नाही म्हणते मी.
अलारासेम मासे साफ करतो.
आतडी पूर्वी कुत्र्यांपुढे फेकायचा,
आता त्यांच्यासाठी खड्डा खणतो, आणि खणताना पुटपुटतो,
'एका दोऱ्यापायी अख्खं गाव दावणीला.'

खोटं नाही.
कुत्र्यापाशी पोर बांधलेलं, पोरावर नजर ठेवून मी,
आणि नेलूम्ता संध्याकाळी कुंपणाशी येते,
तोंड उघडते, मिटते.
नवव्या दिवशी तिची जाऊच आली विचारत,
'तुमचं ते… ऐकलंत का… बरं आहे का आता?'
नाव घेताना अडखळली.
मग दोघी अशा हसल्या
की कुत्र्यानंही कान टवकारले.

चौदाव्या दिवशी शेपटी सुटली.
सव्वातीन वीत.
बाटलीत घातली, बाटलीवर तारीख.
कुलूप काढलं.

तो लगेच उठला नाही. मग उठला,
साखळीच्या लांबीएवढं चालला,
रोज जिथे मान आवळायची नेमका तिथे थांबला,
आणि वळून माझ्याकडे पाहत राहिला.